उशीर झालेल्यांसाठी मजकूर

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी धाकटीने लिहिलेला मजकूर तपासणीसाठी थोरलीच्या टेबलावर आला. मजकूर चार ओळींचा होता. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता तो चारशे बारा माणसांच्या फोनवर जायचा होता, आणि थोरलीची सही झाल्याशिवाय जाणार नव्हता.

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी. दोघींत सात वर्षांचं अंतर. जाहिरातींचे मजकूर लिहिणाऱ्या या नऊ जणांच्या ऑफिसात थोरलीला चौदा वर्षं झाली होती, धाकटीला तीन. धाकटी येईपर्यंत थोरलीला ऑफिसात स्वतःचं नाव होतं. धाकटी आली, पहिल्याच आठवड्यात चित्रकाराने गंमत म्हणून दोघींना थोरली-धाकटी म्हणायला सुरुवात केली, आणि बघता बघता फायलींवरही तेच पडलं. धाकटीला ते शोभायचं. थोरलीला मात्र कोणीतरी आपल्याला एका आठवड्यात म्हातारं केल्यासारखं वाटलं होतं, आणि ते अजून गेलं नव्हतं.

मजकूर असा होता:

‘तुमची डोळ्यांची तपासणी राहिली आहे, हरकत नाही. उशीर झाला म्हणून इथे कोणी काही बोलणार नाही. सावकाश या. आम्ही थांबलो आहोत.’

थोरलीने तो वाचला. परत वाचला. मग पेन्सिल खाली ठेवून ती खिडकीकडे बघत बसली. खिडकी धाकटीच्या टेबलामागे होती, त्यामुळे खिडकीकडे बघायचं म्हणजे धाकटीकडे बघावंच लागे. धाकटी फोनवर कोणाशी तरी बोलत होती आणि पलीकडचा माणूस हसत असावा, कारण धाकटी मधेमधे थांबून त्याला हसायला वेळ देत होती.

काम डोळ्यांच्या एका दवाखान्याचं होतं. डोळ्यांतला दाब वाढलेल्या माणसांना त्रास काही होत नाही. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि गेलेली परत येत नाही. दर तीन-चार महिन्यांनी तपासून घेतलं तर वाचते. पण माणसं एक तारीख चुकवतात, मग दुसरीला जायची लाज वाटते, मग तिसरीचं कोणी नावच काढत नाही. अशांना बोलावणारा मजकूर दोन वर्षं थोरलीचा जात होता: ‘आपल्या तपासणीची तारीख उलटून गेली आहे. विलंब केल्यास दृष्टीला धोका संभवतो. त्वरित संपर्क साधावा.’ दोन आठवड्यांपूर्वी चाचणी म्हणून, सह्यांशिवायच, दोन्ही मजकूर साठ-साठ जणांना पाठवून पाहिले. थोरलीच्या मजकुराला अकरा जण आले. धाकटीच्या मजकुराला एकतीस.

हा आकडा मास्तरांनी सोमवारच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांबरोबर थोरलीनेही टाळ्या वाजवल्या होत्या. आपल्या टाळ्या इतरांपेक्षा आधी थांबल्या, हे तिच्या स्वतःच्याच लक्षात आलं होतं.

मास्तर म्हणजे ऑफिसचे मालक. वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मग ते या धंद्यात पडले. माणूस खरेदी करतो चाळिसाव्या वर्षी, पण हो म्हणायचं की नाही ते सातव्या वर्षीच ठरवून बसलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ऑफिसात पत्र्याचं एक कपाट होतं आणि त्यात कार्डं. एकेका कार्डावर एकेका माणसाने सांगितलेलं, लहानपणी ऐकलेलं एक वाक्य किंवा पाहिलेली एक गोष्ट, आणि त्यामुळे तो आज काय करतो ते. एकाला वडील ‘उरलेलं टाकायचं नाही’ म्हणायचे, तो आज टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून वापरतो. एकीला खेळात सगळ्यात शेवटी घेत, ती आज ‘शेवटच्या तीन जागा’ असं वाचलं की गरज नसताना पैसे भरून मोकळी होते. पहिलं कार्ड वापरायला परवानगी होती. दुसऱ्यावर मास्तरांनी लाल शाईने काट मारली होती. लहानपणाचा आधार घ्यायचा, फायदा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम. आणि तो पाळला की नाही हे ओळखायची त्यांची रीतही साधी होती. मजकूर जाण्याआधी तो कार्ड देणाऱ्याला वाचून दाखवायचा आणि तो का लागू पडतो तेही उघड सांगायचं. ऐकून माणूस हसला तर पास. गप्प झाला तर नापास.

हे सगळं नीट झालं की नाही ते बघणारी तपासनीस म्हणजे थोरली. तिच्या पेन्सिलीला ऑफिसात सगळे वचकून होते.

तिने मजकुराला टाचलेलं कार्ड उलटून पाहिलं. अक्षर धाकटीचंच होतं. ‘शाळेतून यायला उशीर झाला की आई दारात असायची. काही विचारायची नाही. सावकाश ये म्हणायची, थांबलेय मी. म्हणून उशीर झाला तरी मला घरी जायची भीती वाटली नाही.’ कार्ड देणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं: स्वतः.

स्वतःचं कार्ड वापरायला बंदी नव्हती. मात्र त्या वेळी त्या घरात असलेल्या दुसऱ्या माणसाने ‘हे असं घडलं’ म्हणून सही करायची असा नियम होता. स्वतःच्या लहानपणाबद्दल माणूस बिनदिक्कत थापा मारतो आणि त्याचा त्यालाही पत्ता नसतो, असं मास्तर म्हणत. त्यामुळे कागदाच्या तळाशी सह्यांच्या दोन जागा होत्या. एक साक्षीदाराची, एक तपासनिसाची. दोन्ही जागी एकच बाई बसेल हे नियम करताना कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

फोन ठेवून धाकटी उठून आली.

“ताई, वाचलंस?”

“वाचलं.”

“मग?”

“चांगलं आहे.”

“तू चांगलं आहे म्हणालीस की कोणीतरी गेल्याची बातमी दिल्यासारखं वाटतं गं.”

शेजारच्या टेबलावरचा चित्रकार गालातल्या गालात हसला. थोरलीने कार्डावर बोट ठेवलं.

“हे कुठल्या घरातलं?”

“आपल्या.”

“आपल्या घरात आई दारात उभी राहायची?”

“रोज नाही. मला उशीर झाला की.”

“आणि काही बोलायची नाही.”

“अवाक्षर नाही. मी जिन्यावरून धावत येतेय हे तिला आवाजावरून कळायचं. वरून म्हणायची, सावकाश ये.”

तो जिना थोरलीलाही माहीत होता. ती अकरा वर्षांची असताना एकदा शाळेतून येताना रस्त्यावरच्या छापखान्याच्या खिडकीशी थांबली होती. आत कागद एकामागून एक घसरत बाहेर येत होते आणि शेवटचा कागद येईपर्यंत तिचा पाय निघाला नव्हता. घरी पोहोचली तर दाराला आतून कडी. आतून आईचा आवाज आला, की उशीर करणाऱ्यांसाठी हे दार उघडत नाही, राहा उभी. ती उभी राहिली. वरचे भाडेकरू येताजाता तिच्याकडे बघत होते. किती वेळ ते तिला कळलं नाही, पण जिन्याच्या पायऱ्या एकवीस आहेत हे त्या दिवशी पाठ झालं.

“मला नाही आठवत असं काही,” ती म्हणाली.

“तू क्लासला असायचीस. नाहीतर आतल्या खोलीत अभ्यास.”

“अभ्यास करत होते. बहिरी नव्हते.”

“म्हणजे मी खोटं लिहिलंय?”

“मी म्हटलं तसं?”

“म्हटलं नाहीस. चेहरा केलास.” धाकटीने शेजारची खुर्ची ओढली. “ताई, रागावू नको. तुझा मजकूर तुला वाचून दाखवू?”

“कशाला?”

“त्याला कार्डच नाही ना. म्हणजे वाचून दाखवायला माणूस नाही. मग लिहिणाऱ्यालाच दाखवावा, नाही का?”

थोरली नको म्हणायच्या आत धाकटीने वाचायला सुरुवात केली. तारीख उलटून गेली आहे. विलंब केल्यास. त्वरित. नकला करण्यात ती लहानपणापासून पटाईत. मुद्दाम केलं की आपसूक झालं कोण जाणे, पण तो आवाज कडी लावलेल्या दारामागचा होता, तसाच बेतलेला, तसाच कोरडा.

थोरली गप्प झाली.

इतका वेळ मजा बघणाऱ्या चित्रकाराने मान खाली घालून आपल्या कामात डोकं खुपसलं. गप्प झाला तर काय, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. 

“मला काम आहे,” थोरली म्हणाली, आणि पर्स उचलून बाहेर पडली.

सव्वादोनला ती दवाखान्यात होती. मजकुरात जे लिहिलंय ते खरं आहे का हे बघणं तपासनिसाचं कामच आहे, असं तिने वाटेत स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तिचा स्वतःचा मजकूर दोन वर्षं या दवाखान्याच्या नावाने जात होता आणि त्या दोन वर्षांत ती इथे एकदाही आली नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर स्टीलच्या खुर्च्यांच्या चार रांगा होत्या. डोळ्यांत थेंब घातलेली माणसं हनुवटी वर करून, डोळे मिटून बसली होती. काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सकाळपासून शंभरावर माणसं त्यांच्यापुढून गेली असतील. थोरली मागच्या रांगेत वही घेऊन बसली. पहिला तासभर वहीत काही पडलं नाही. बाई खेकसत होत्या, पण तेवढं कुठेही खेकसतात.

साडेतीननंतर एक गृहस्थ आले. साठीचे असतील. इस्त्रीचा शर्ट. फोन हातात, पण समोर न धरता जरा डाव्या बाजूला धरलेला, कारण उजवीकडचं त्यांना नीट दिसत नसावं.

“फाइल नंबर?” बाई म्हणाल्या.

“नंबर घरी राहिला. हा बघा, तुमचा मेसेज आलाय.”

“मेसेज सगळ्यांनाच जातो. नाव सांगा. शेवटचे कधी आला होतात?”

“झाले की सहा… सात महिने.”

“सात महिने कुठे होतात?”

“राहून गेलं जरा.”

“राहून गेलं. डोळा गेला की मग आमच्या नावाने ओरडायचं. बसा तिकडे. आज वेळ लागेल.”

गृहस्थ हलले नाहीत. त्यांनी फोन पुन्हा पुढे केला. “इथे लिहिलंय, कोणी काही बोलणार नाही म्हणून.” चाचणीत धाकटीचा मजकूर ज्या साठ जणांना गेला होता, त्यांतले हे एक.

मागून कोणीतरी म्हणालं, “काका, ते फोनमध्ये. इथे बोलतात.” रांग हसली. बाईही हसल्या. गृहस्थही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. मग ते पहिल्या रांगेत जाऊन बसले, दोन मिनिटं गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिले, आणि शेजारच्याला “पाणी पिऊन येतो” असं सांगून जिन्याकडे गेले.

थोरलीने घड्याळ पाहिलं. तीन सत्तेचाळीस. तिने वहीत लिहून घेतलं.

तिला वाटलेली पहिली गोष्ट म्हणजे आनंद. दिवसभर पोटात दुखत असावं आणि एकदम थांबावं, तसा. धाकटीचा मजकूर माणसाला सांगतो की तुला रागावणार नाहीत. सात वर्षांचं पोर होऊन माणूस त्यावर विश्वास ठेवतो, एवढा जिना चढून येतो, आणि इथे चारचौघांत त्याची शोभा होते. थोरलीच्या मजकुराने निदान खोटी आशा तरी दाखवली नव्हती. जे एकतीस जण आले ते खुर्चीत बसले म्हणून मोजले गेले. जे जिन्यावरून परत गेले ते कोणी मोजले? हा मुद्दा पक्का होता, आणि तो तिचा होता.

जिना तिच्यापासून बारा पावलांवर होता. ती उठली नाही. गृहस्थ परत येतात का ते बघत ती चार वाजून दहा मिनिटांपर्यंत बसली, कारण तेवढं थांबलं की नोंद भक्कम होते. ते आले नाहीत.

तिथून ती धाकटीच्या घरी गेली. धाकटी अजून ऑफिसात होती. थोरलीला तेच हवं होतं. आई धाकटीकडे राहायची. वडील गेल्यावर दोघींनी विचारलं होतं आणि आईने क्षणभरही विचार न करता धाकटीचं नाव सांगितलं होतं. थोरलीने ‘तुला जिथे बरं वाटेल तिथे’ असं तोंडभरून म्हटलं होतं, आणि त्याला आता सहा वर्षं झाली होती.

आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीने चादरीचं दुसरं टोक धरलं.

“आई, धाकटीला शाळेतून यायला उशीर झाला की तू दारात उभी राहायचीस?”

“हो. का गं?”

थोरलीच्या हातातलं टोक सैल पडलं. आई ‘छे, कधी’ म्हणेल अशी तिची जवळजवळ खात्री होती.

“उभी कसली,” आई म्हणाली, “उंबऱ्यावर बसायचे. धर नीट.”

“माझ्या वेळी दाराला कडी होती.”

आईने जरा आठवून पाहिलं. “एकदा.”

“एकदाच.”

“मग परत कुठे उशीर केलास तू? एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा तोंड उघडावं लागलं नाही. मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या थोरलीवर घड्याळ लावून घ्या.”

आईने आपली तारीफ करावी म्हणून थोरलीने आयुष्यात काय काय केलं होतं. ती तारीफ इतकी वर्षं घराबाहेर वाटली जात होती, हे तिला आज कळत होतं.

“आणि हिच्या वेळी?”

“हिच्या वेळी मी दमलेली असायचे. कामावरून यायचे तर पाय हे एवढे सुजलेले. कडी लावायला उठा, परत काढायला उठा, कोणी सांगितलंय. दार उघडं टाकायचे आणि वाऱ्याला बसायचे. सावकाश ये म्हणायचे, कारण जिन्यात पडली असती तर परत मलाच उठावं लागलं असतं.”

थोरलीला हसू आलं. आईही हसली. बऱ्याच दिवसांनी दोघी एकाच गोष्टीला हसल्या. मग चादरीची शेवटची घडी पडेपर्यंत थोरलीचं हसू विरलं. कारण काहीही असो, धाकटीला मिळायचं ते मिळालं होतं. आईच्या सुजलेल्या पायांतूनही तिला माया मिळाली होती, आणि त्या मायेवर ती आज चार ओळी लिहीत होती, ज्या वाचून अनोळखी माणसं उठून जिना चढत होती.

“भांडलात का?” आईने विचारलं.

“नाही.”

“ती म्हणत होती, ताईला दाखवायची भीती वाटते म्हणून.”

“कसली भीती?”

“मला काय माहीत. तुमचं तुम्हाला. जेवून जा.”

“नको. उशीर होईल.”

बुधवारी सकाळी नऊ वाजता, कोणी यायच्या आत, थोरलीने आक्षेपाचा कागद लिहिला. पहिला मसुदा दीड पान झाला. हात कुठे अडखळला नाही, शब्द जणू वाटच बघत होते. लिहून झाल्यावर तिने तो सवयीने पेन्सिल घेऊन तपासला. ‘फसवणूक’ हा शब्द तीन वेळा आला होता. एकदाही त्याची गरज नव्हती. दुसऱ्याच्या मजकुरात असं दिसलं असतं तर तिने समासात लिहिलं असतं: हे कोणाला उद्देशून? तिने कागद फाडला आणि तीन ओळी लिहिल्या. मजकुरातलं वचन काउंटरवर पाळलं जात नाही. मंगळवारी तीन सत्तेचाळीसला, सात महिन्यांनी आलेला एक रुग्ण त्यामुळे परत गेला. आधी काउंटर सुधारावा, मग मजकूर पाठवावा.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

थोरली थांबली. यापुढे काहीतरी येईल असं तिला वाटत होतं.

“एक सांगा. हा मजकूर चित्रकाराने लिहिला असता, तर काल तुम्ही दवाखान्यात गेला असतात?”

थोरलीने विचार केला. “नाही.”

“हं.”

“पण आक्षेप बरोबर आहे, मास्तर.”

“बरोबर आहे म्हणूनच विचारलं. चुकीचा असता तर कागद परत केला असता, विषय संपला असता.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आता हिशेब बघा. चारशे बारा माणसं घरी बसलीत. तुमचा मजकूर पाठवला तर पंचाहत्तर येतील. हिचा पाठवला तर दोनशेच्या वर येतील, त्यातली काही जिन्यावरून परत जातील आणि पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाहीत. काहीच पाठवलं नाही तर कोणी येणार नाही, आणि त्यांचे डोळे काही आपल्या सहीसाठी थांबत नाहीत. मी ठरवणार नाही. सही तुमची आहे.”

साडेअकराला धाकटीने आक्षेप वाचला. थोरली भांडणाच्या तयारीने बसली होती. उत्तरं तिने रात्रीच जुळवून ठेवली होती.

“हे मला सुचायला हवं होतं,” धाकटी म्हणाली. “वचन दिलंय, पण दवाखान्याला विचारलंच नाही की पाळणार का म्हणून. मी नुसतं आईकडे बघून लिहीत गेले.”

थोरलीची सगळी उत्तरं वाया गेली. हरल्यावरही ही चांगलीच दिसते, असं तिच्या मनात आलं.

“साक्षीदाराची सही तरी कर ताई. की तेही घडलं नाही?”

“काल आईला विचारून आले.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता.”

“नव्हता.”

थोरलीने साक्षीदाराच्या जागी सही केली. नियमाप्रमाणे वर लिहिलं, ‘हे असं घडलं’.  तपासनिसाची जागा तिने कोरी ठेवली.

धाकटी अजूनही आक्षेपाकडे बघत होती. “तीन सत्तेचाळीस. म्हणजे तू तिथेच होतीस.”

“हो.”

“तो माणूस निघाला तेव्हा तू काय केलंस?”

“वेळ लिहून घेतली.”

“मागे नाही गेलीस?”

“नाही.”

“का?”

सांगण्यासारखी दोन-तीन कारणं होती. तपासनिसाने मधे पडायचं नसतं. गृहस्थ पाणी पिऊन येतील असं वाटलं. थोरलीने त्यातलं एकही दिलं नाही.

“मला बरं वाटलं होतं,” ती म्हणाली.

चित्रकाराची खुर्ची कुरकुरली आणि थांबली. धाकटी बहिणीकडे बघत राहिली. ती रागावली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं. मग धाकटीने टेबलावरून बॅग आणि साठ जणांची यादी उचलली. “यादीत सात महिने उशीर झालेले फार नसतील,” एवढंच म्हणाली आणि गेली.

चार चाळीसला दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. तो थोरलीनेच घेतला.

“तुमची धाकटी दुपारपासून आमच्या काउंटरमागे बसलीय,” डॉक्टर म्हणाले. “बाईंना काय काय सांगतेय, त्या हसतायत. पेशंटही हसतायत. काय बोलते हो ती. पुढच्या वेळी तुम्ही नका तसदी घेऊ, तिलाच पाठवत जा.”

दोष शोधला कोणी हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य थोरलीच्या जिभेवर येऊन बसलं आणि तिने ते गिळलं.

“हो,” ती म्हणाली. “मजकूर पाचला पाठवायचा आहे. उद्यापासून काउंटरवर कोणी काही बोलणार नाही, असं तुम्ही लेखी देऊ शकाल का?”

“लेखी? आज एक दिवस ती बसलीय म्हणून ठीक आहे. कायमचं म्हणाल तर उद्याच्या मीटिंगमध्ये ठेवतो. तुम्ही पाठवून टाका ना.”

“आणि ते कालचे गृहस्थ?”

“सात महिनेवाले तिघे निघाले म्हणे यादीत. दोघांशी बोलणं झालं, ते नव्हेत. तिसऱ्यांचा फोन वाजतोय, उचलत नाहीत.”

पाच वाजता मजकूर गेला नाही. पाच पाचला चित्रकाराने मान वर करून थोरलीकडे पाहिलं. पाच वीसला मास्तर आपल्या खोलीच्या दारापर्यंत आले, तिच्याकडे बघून परत आत गेले. थोरली कागद समोर घेऊन बसली होती. आपण अडवून धरलंय ते त्या माणसांसाठी की धाकटीसाठी, याचं उत्तर तिला दर पाच मिनिटांनी वेगळं मिळत होतं.

सहा वाजता कागदावर साक्षीदाराची सही होती, तपासनिसाची नव्हती. चारशे बारापैकी कोणालाही मजकूर गेलेला नव्हता. सहा दहाला धाकटीचा मेसेज आला, की तिसऱ्या गृहस्थांचा पत्ता मिळाला आहे आणि ती तिकडे निघाली आहे. थांब, मीही येते, असं सांगायला थोरलीने तिला फोन लावला. तो लागला नाही.